आईचा खुबा आणि अण्णांचे बासन



आम्ही तिघे भावंडे याच शाळेत शिकलो. थोरला शेती पाहतो, मधला बँकेत आहे आणि धाकटी बहीण आळंद तालुक्यात दिलेली आहे. तिघांपैकी कोणीही डॉक्टर नाही. तरीही या अंकासाठी आम्ही एका वैद्यकीय विषयावर लिहीत आहोत, कारण तो विषय वीस वर्षांहून अधिक काळ आमच्या घरात मुक्कामाला आहे. आमच्या आईच्या उजव्या खुब्यात कृत्रिम सांधा बसवलेला आहे. असा सांधा बसवला की माणूस कसा चालायला लागतो, हे पुष्कळ जण कौतुकाने सांगतात. पण दहा, पंधरा, वीस वर्षांनी त्या सांध्याचे काय होते, हे सहसा कोणी सांगत नाही. आम्हाला जे पाहायला आणि वाचायला मिळाले ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच हेतू.

उखळीचा सांधा

विज्ञानाच्या पुस्तकात सांध्यांचे प्रकार आपण शिकतो. गुडघा आणि कोपर हे बिजागरीचे सांधे. दाराप्रमाणे एकाच दिशेने उघडणारे. खांदा आणि खुबा हे उखळीचे सांधे. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते कमरेच्या हाडातील खोलगट उखळीत फिरते. म्हणून पाय पुढे, मागे, बाजूला, सगळीकडे हलतो. दोन्ही हाडांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो आणि मध्ये वंगणासारखा द्रव असतो. बैलगाडीचा आख चाकाच्या तुंब्यात फिरतो, तेव्हा वंगण नसेल तर काय होते हे शेतकऱ्याच्या मुलांना सांगायला नको.

या सांध्यावर भार किती? आपण नुसते चालत असलो तरी शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार खुब्यावर पडतो. एका पायाची वर्षाकाठी सुमारे दहा लाख पावले पडतात, असा हिशेब कृत्रिम सांधे तपासणारे अभियंते धरतात. वीस वर्षांची दोन कोटी पावले झाली. परमेश्वराने दिलेला सांधा इतकी पावले झिजत झिजत आणि स्वतःची डागडुजी करत काढतो. माणसाने घडवलेल्या सांध्याला झिज आहे, डागडुजी मात्र नाही. हा फरक लक्षात ठेवला की पुढचे सगळे समजते.

आमच्या आईला दमा होता आणि त्यासाठी तिने अनेक वर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या. अशा औषधांमुळे कधीकधी मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडतो, हाड आतून मरते आणि गोळा पिचतो. अति मद्यपानानेही हे होते. काही जणांत कारण सापडत नाही. २००२ च्या पावसाळ्यापासून आई भिंत धरून चालू लागली. रात्री कुशीवर वळता येईना. विहिरीवरून घागर आणणारी बाई चुलीपासून उंबऱ्यापर्यंत येताना घामाघूम होऊ लागली. २००३ च्या जानेवारीत हुमनाबाद, उमरगा मार्गे तिला सोलापूरला नेले आणि तेथे सांधेरोपण झाले. तेव्हा ती छप्पन्न वर्षांची होती.

आत काय बसवतात

कृत्रिम खुब्याचे साधारण चार भाग असतात. मांडीच्या हाडाच्या पोकळीत घट्ट बसणारा धातूचा दांडा, त्यावर गोळा, कमरेच्या हाडात बसवलेली वाटी आणि वाटीच्या आतले अस्तर. आईच्या खुब्यात गोळा धातूचा आणि अस्तर एका चिवट प्लॅस्टिकचे, म्हणजे पॉलिइथिलीनचे होते.

या जोडीचे जनक म्हणजे इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयातले शल्यविशारद सर जॉन चार्नली. त्यांची गोष्ट मुलांनी जरूर ऐकावी. १९५८ पासून त्यांनी अस्तरासाठी टेफ्लॉन वापरले. टेफ्लॉन अतिशय गुळगुळीत, म्हणून सुरुवातीला रुग्ण सुखाने चालू लागले आणि सर्वांना धन्य वाटले. पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजले आणि त्याच्या चुऱ्याने सांध्याभोवतीची जागा बिघडू लागली. सुमारे तीनशे रुग्णांना ते सांधे बसवलेले होते. चार्नलींनी त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. बोलावून घेऊन एकेकाची पुन्हा शस्त्रक्रिया केली. टेफ्लॉनचा चुरा शरीराला खरोखर अपाय करतो का, हे पाहण्यासाठी तो स्वतःच्या मांडीत टोचून घेतला. मग १९६२ च्या नोव्हेंबरात त्यांनी पॉलिइथिलीनचे अस्तर वापरले, आणि ते टिकले. आजचे बहुतेक कृत्रिम खुबे त्याच विचाराचे वंशज आहेत. आपल्या रुग्णांना ते आणखी एक विनंती करत. मृत्यूनंतर हा सांधा तपासणीसाठी परत द्यावा. आपण बसवलेली वस्तू शेवटपर्यंत कशी वागली, हे त्यांना पाहायचे होते.

पहिली दोन-तीन वर्षे उत्तम गेली म्हणजे सांधा उत्तम, असे मुळीच नाही. टेफ्लॉनचीही पहिली वर्षे छानच गेली होती.

घरातली नवी रीत

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी आईला बजावले होते. उकिडवे बसायचे नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, बुटक्या पाटावर बसून खाली वाकायचे नाही. खुबा प्रमाणाबाहेर वाकला तर गोळा वाटीतून निसटतो. आता सांगा, आपल्याकडे देवपूजा, पंगत, हळदीकुंकू, शेंगा फोडणे, भाकरी थापणे, सारे जमिनीवरच. वडिलांनी म्हणजे अण्णांनी गवंडी बोलावून ओट्यावर चूल चढवली आणि खुर्चीचे संडास बांधून घेतले. गावात तेव्हा अशी वस्तू नवीनच होती. सप्ताहाच्या पंगतीत आई खुर्चीवर बसून जेवू लागली तेव्हा चार बायका कुजबुजल्या. आज कुठल्याही मंगल कार्यालयात ज्येष्ठांसाठी टेबल-खुर्च्यांची ओळ वेगळी मांडलेली असते आणि कोणी वळूनही पाहत नाही.

आईने पुष्कळ काही सोडले, पण सगळे सोडले नाही. खानापूरच्या मैलार मल्लण्णाला ती दरवर्षी जाऊन आली. गाणगापूरला पालखी पाहिली. बिदरच्या नरसिंह झरणीला मात्र डॉक्टरांनी नको म्हटले. तिथे भुयारातल्या छातीएवढ्या पाण्यातून चालत देवापर्यंत जावे लागते. पाय घसरला तर धरायला काही नाही. आई बाहेरूनच हात जोडून परतली. "नरसिंहाला माहीत आहे," एवढेच म्हणाली.

किती वर्षे टिकतो

हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. उत्तर मिळवायचे तर हजारो माणसांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. स्वीडनने १९७९ साली देशभरातील कृत्रिम खुब्यांची नोंदवही सुरू केली. कोणाला, कोणत्या दिवशी, कोणता सांधा बसवला आणि तो पुन्हा कधी बदलावा लागला, हे त्यात लिहिले जाते. पुढे फिनलंड, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड अशा देशांनी तसेच केले. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंड यांच्या नोंदवह्यांवरून २०१९ साली लॅन्सेट या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आढळले की पंधरा वर्षांनी शंभरातले सुमारे ८९ खुबे जागेवर होते, वीस वर्षांनी सुमारे ७०, आणि पंचवीस वर्षांनी सुमारे ५८.

म्हणजे निम्म्याहून अधिक कृत्रिम खुबे पाव शतक चालतात. ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. पण हेही खरे की बऱ्याच जणांना पुढेमागे दुसरी शस्त्रक्रिया लागते, आणि वय जितके कमी तितकी ती लागण्याची शक्यता जास्त. सत्तरीनंतर सांधा बसवलेल्या माणसाला बहुधा तोच जन्मभर पुरतो. पन्नाशीत बसवलेल्याने मात्र दुसऱ्या शस्त्रक्रियेची मनाची तयारी ठेवावी.

सांधा निकामी होतो तो कसा? एक कारण जंतुसंसर्ग, दुसरे गोळा निसटणे, तिसरे पडून हाड मोडणे. पण जुन्या सांध्यांत मोठे कारण म्हणजे झीज. जात्याची पाळी झिजली की पिठात कच येते, तसे अस्तराचे अतिसूक्ष्म कण सुटतात. शरीरातल्या रक्षक पेशी ते गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. त्या चिडतात आणि त्यांच्या स्रावांमुळे आजूबाजूचे हाड विरघळू लागते. वाईट हे की हाड बरेच जाईपर्यंत दुखत नाही. माणूस शेतात हिंडत असतो आणि आत पोकळी वाढत असते. म्हणून दुखो न दुखो, ठराविक वर्षांनी एक्स-रे काढायचाच. अलीकडच्या पॉलिइथिलीनवर विशेष प्रक्रिया केलेली असते आणि ते पुष्कळ कमी झिजते. आईच्या वेळचे जुन्या पद्धतीचे होते.

धातूवर धातू

प्लॅस्टिक झिजते म्हणून गोळाही धातूचा आणि वाटीही धातूचीच करावी, असा विचार मधल्या काळात जोरात होता. धातू कठीण, तेव्हा तो कसा झिजेल, असे कोणालाही वाटेल. पण बिदरच्या मुलांना धातूचा स्वभाव ठाऊक आहे. आपल्या बिदरी कामातला जस्त-तांब्याचा मिश्रधातू किल्ल्यातल्या मातीचा लेप लागला की काळा पडतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. धातू वरून निर्जीव दिसला तरी ज्याच्या सहवासात राहील त्याच्याशी त्याची देवघेव चालू असते. खुब्यातही तसेच झाले. कोबाल्ट आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासून त्यांचे कण आणि आयन सांध्याभोवती साचू लागले आणि रक्तातही उतरले. काही रुग्णांच्या खुब्याभोवतीचे स्नायू आणि इतर ऊती त्यामुळे नष्ट झाल्या.

यातला सर्वांत गाजलेला सांधा म्हणजे जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डीप्यू कंपनीचा एएसआर. तो बिघडतो हे प्रथम कोणी ओळखले? नोंदवह्यांनी. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत हा सांधा इतरांपेक्षा लवकर बदलावा लागतो असे दिसून आले आणि २००९ च्या डिसेंबरात तो तिथल्या बाजारातून निघाला. इंग्लंड आणि वेल्सच्या नोंदवहीत पाच वर्षांत शंभरातले बारा-तेरा सांधे बदलावे लागल्याचे आढळले. २०१० च्या ऑगस्टमध्ये कंपनीने तो जगभरातून परत बोलावला. तोवर सुमारे ९३,००० लोकांना तो बसला होता.

भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत हा सांधा वापरला गेला होता. मुंबईतल्या एका पीडित रुग्णाने पाठपुरावा केला, महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये पोलिसांत गुन्हा नोंदवला. केंद्र सरकारने २०१७ साली मौलाना आझाद मेडिकल कॉलेजचे माजी अधिष्ठाता डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २०१८ मध्ये तिचा अहवाल आला. त्यानंतर सरकारने वय आणि अपंगत्व पाहून ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत भरपाईचे सूत्र ठरवले. ते प्रकरण पुढे न्यायालयातही गेले.

पण आमच्या मनात घर करून राहिला तो वेगळाच आकडा. त्या ४,७०० पैकी सुमारे ३,६०० रुग्णांचा माग लागला नाही. सांधा परत बोलावला, मदत जाहीर झाली, पण ती घ्यायची कोणी? आपल्या खुब्यात कोणता सांधा आहे हे कित्येकांना माहीतच नसेल. कोणी पत्ता बदलला असेल, कोणाचे कागद पावसात भिजले असतील, कोणी "वय झाले, दुखणारच" म्हणून सोसत बसले असेल. स्वीडनचे सरकार एका कपाटात जे शोधू शकते, ते आपल्याकडे तीन-साडेतीन हजार घरांच्या माळ्यावर विखुरलेले राहिले. आपल्याकडेही सांधेरोपण करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने २००६ मध्ये नोंदवही सुरू केली आहे, परंतु तिच्यात नोंद करणे ऐच्छिक आहे.

अण्णांचे बासन

२०१० साली वर्तमानपत्रात ही बातमी वाचली तेव्हा आमच्या घरात एकच विचार आला. आईचा खुबा त्यातला तर नाही? अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी फडताळातून लाल कापडाचे बासन काढले आणि त्यातून सोलापूरचा कागद बाहेर घेतला. त्यावर चार लहान स्टिकर चिकटवलेले होते. दांडा, गोळा, वाटी आणि अस्तर. प्रत्येकावर कंपनी, माप आणि क्रमांक. मागे अण्णांनी शाईने लिहिले होते, "उजवा खुबा. जपून ठेवणे." बिदरच्या डॉक्टरांनी पाहून सांगितले की हा तो सांधा नव्हे. एका दुपारीत घोर मिटला.

अण्णा तहसील कचेरीत कारकून होते आणि कागद जपणे हा त्यांचा धर्म होता. त्याला कारण आमच्या भागाचा इतिहास. १९५६ च्या १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि बिदर जिल्ह्याचेही. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आपण म्हैसूर राज्यात राहिलो. आजोबांची थोडी जमीन निलंग्याकडे होती. निजामाच्या काळातले उर्दू कागद आणि त्यावर आजोबांनी मोडीत केलेल्या खुणा, एवढ्या आधारावर ती टिकली. ज्यांच्याकडे कागद नव्हते त्यांना कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. सीमेवरच्या माणसाची नोंद एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात जाताना गळून पडते; म्हणून त्याने आपली नोंद आपणच सांभाळावी, असे अण्णा म्हणत. त्याच बासनात, जमिनीच्या उर्दू कागदांच्या खाली, त्यांनी आईचा खुबा ठेवला होता.

अण्णा २०१४ साली गेले. २०१८ च्या अखेरीस आईच्या जांघेत दुखू लागले. बसून उठताना पहिली दोन पावले टाकणे जड जाई. एक्स-रेमध्ये गोळा वाटीच्या मधोमध न राहता वर सरकलेला दिसला. पंधरा-सोळा वर्षांत अस्तर झिजून पातळ झाले होते. हैदराबादच्या डॉक्टरांनी पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आत कोणत्या कंपनीची, कोणत्या मापाची वाटी आहे?"

या प्रश्नात सारे काही होते. वाटी हाडात घट्ट असेल आणि तिला नेमके बसणारे अस्तर मिळाले, तर फक्त अस्तर आणि गोळा बदलून भागते. वाटीच कोणती ते कळले नाही, तर इतर मार्ग असतात, पण ते अधिक खटपटीचे. प्रसंगी चांगली रुजलेली वाटीही उपटावी लागते आणि तिच्याबरोबर हाडही जाते. सत्तरी ओलांडलेल्या बाईला त्यातून उठणे सोपे नसते.

पहिली शस्त्रक्रिया जिथे झाली त्या रुग्णालयात विचारणा केली. इतके जुने रेकॉर्ड आता ठेवलेले नाही, असे उत्तर आले. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांप्रमाणे आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवण्याचे बंधन आहे. सांधा पंचवीस वर्षांचा आणि त्याची नोंद तीन वर्षांची! मधल्या बावीस वर्षांचा रखवालदार कोण?

आमच्या घरी तो बासनात बसला होता. चार स्टिकर पाहून डॉक्टरांनी मापाचे अस्तर मागवले. २०१९ च्या फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. वाटी आणि दांडा जागेवर राहिले, गोळा आणि अस्तर बदलले. तिसऱ्या दिवशी आई वॉकर धरून वऱ्हांड्यात आली. जुने अस्तर डॉक्टरांनी आम्हाला दाखवले. पिवळट पडले होते आणि एका बाजूला नखाएवढे पातळ झाले होते. सोळा वर्षांची चूल, शेत, मल्लण्णाची जत्रा, नातवंडांची लग्ने, सगळे त्या झिजेत होते. आईने ते हातात घेऊन पाहिले आणि म्हणाली, "अण्णांनी माझे पाय राखले."

आज ती ऐंशीच्या घरात आहे. काठी घेऊन चालते, पण चालते. नव्या अस्तराचे स्टिकरही आम्ही त्याच बासनात ठेवले आहेत.

आपल्याला काय करता येईल

आपल्या भागात या गोष्टीचे महत्त्व दुप्पट आहे. आपले लोक शस्त्रक्रियेसाठी सोलापूर, लातूर, हैदराबाद, कलबुर्गी, जिथे ओळख आणि पैसा जुळेल तिथे जातात. एका माणसाचे कागद तीन राज्यांत आणि चार भाषांत पसरतात. आधार कार्डावर नाव एका पद्धतीने, केसपेपरवर दुसऱ्या. २०१४ पूर्वीच्या कागदांवर गुलबर्गा, नंतरच्यांवर कलबुर्गी. यातून एखाद्याला शोधणे किती कठीण, याचा विचार करावा. म्हणून काही गोष्टी नम्रपणे सुचवतो.

१. दवाखान्यातून निघतानाच डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेचा तपशील आणि बसवलेल्या वस्तूंचे स्टिकर मागून घ्यावेत. रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत कागद द्यावेत, असे त्याच २००२ च्या नियमांत आहे. मागण्यात संकोच मानू नये.

२. कागदाच्या दोन प्रती कराव्यात. एक घरी, एक लेकीकडे किंवा भावाकडे. मोबाइलमध्ये छायाचित्र ठेवावे, पण मोबाइल बदलतो, म्हणून कागदही असू द्यावा. स्टिकरवरची शाई काही वर्षांनी उडते. क्रमांक पेनने शेजारी लिहून काढावेत.

३. सांधा दुखत नसला तरी डॉक्टर सांगतील त्या मुदतीने एक्स-रे काढावा आणि जुने एक्स-रे फेकू नयेत. झीज ही दोन चित्रे शेजारी ठेवली की कळते.

४. जांघेत किंवा मांडीत नव्याने दुखणे, पाऊल टाकताना आवाज, पाय आखूड वाटणे, ताप किंवा जखमेतून पाणी, यातले काहीही झाले तर वयावर ढकलून बसू नये.

५. धातूवर धातू असा सांधा बसलेला असेल तर डॉक्टरांना विचारून रक्तातील कोबाल्ट आणि क्रोमियम तपासून घ्यावे.

६. बसवलेल्या उपकरणामुळे त्रास झाला तर त्याची नोंद करण्यासाठी देशात २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे त्याचे काम आहे. आपली तक्रार एकट्याची वाटते, पण अशा शंभर तक्रारी एकत्र आल्या की एखादा सदोष सांधा वेळीच थांबतो.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक काम. येत्या सुट्टीत घरातल्या आजी-आजोबांजवळ बसा आणि विचारा, "तुमच्या अंगात डॉक्टरांनी काय बसवले आहे?" खुबा असेल, गुडघा असेल, सळई, प्लेट, हृदयातला स्टेंट, पेसमेकर, डोळ्यातले भिंग. एका वहीच्या पानावर नाव, तारीख, गाव, डॉक्टर आणि स्टिकरवरचा क्रमांक लिहा. इंग्रजी आणि कन्नड कागद तुम्हाला वाचता येतात, कित्येक आजोबांना येत नाहीत. तीन भाषा शिकल्याचा याहून चांगला उपयोग कोणता? विश्वस्त मंडळींनी मनावर घेतले तर अशा पानाचा एक साधा छापील नमुना शाळेतून घरोघर जाऊ शकेल. त्याला खर्च फार नाही.

कृत्रिम सांधा घडवणारे, बसवणारे आणि तपासणारे आपापले काम करोत. तो कोणत्या माणसात आहे आणि कधीपासून आहे, ही आठवण ठेवण्याचे काम मात्र घरच्यांचे आहे. ज्या घरात ती राहील, त्या घरातली म्हातारी माणसे आपल्या पायांनी देवळापर्यंत जाऊन येतील, असा आमचा अनुभव आहे.